दिव्याचे कुलूप: हप्त्यावरचा सौरसंच आणि त्यामागचा पैसा

खोके उघडल्यावर हाती येते ते दिसायला साधेच असते. दप्तराएवढे सौर पॅनल, विटेएवढा बॅटरीचा डबा, लांब वायरींना जोडलेले तीन-चार एलईडी दिवे, फोन चार्ज करण्याच्या पिनांची जुडी आणि बहुतेक संचांत एक टॉर्च किंवा रेडिओ. या सगळ्यांहून महत्त्वाचा भाग डब्याच्या दर्शनी बाजूला असतो, आणि तो म्हणजे अंकांच्या बटणांचा एक लहानसा कीपॅड. कंपनीकडून आलेला कोड त्यावर दाबला की दिवे ठरलेल्या दिवसांपुरते चालतात. मुदत सरली की दिवसभर कडक ऊन पडलेले असो आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असो, दिवा लागत नाही. हे परीक्षण त्या संचाचे आहे आणि तितकेच त्यामागच्या पैशाचेही आहे. अनुदान, भागभांडवल आणि कर्ज यांच्या आधाराशिवाय हा डबा आज ज्या घरांत आहे तिथवर गेलाच नसता, आणि पैसा देणाऱ्यांनी बदल्यात काय मागितले यावरून डब्यात काय असावे हेही बऱ्याच अंशी ठरले आहे.

प्रश्न केवढा मोठा आहे ते आधी नोंदवतो. २०२३ साली जगातील सुमारे ६६.६ कोटी लोकांच्या घरी वीज नव्हती आणि त्यांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास लोक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहत होते. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, लोकसंख्या नव्या जोडण्यांहून वेगाने वाढल्यामुळे विजेविना राहणाऱ्यांची संख्या दशकभरात प्रथमच वर गेली होती. २०३० पर्यंत सर्वांच्या घरी वीज हे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ मधील उद्दिष्ट आहे, आणि जागतिक बँक व आफ्रिकी विकास बँक यांनी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘मिशन ३००’ या मोहिमेने त्याच मुदतीत आफ्रिकेतील ३० कोटी लोकांना वीज देण्याचे ठरवले आहे. खांब रोवून आणि तारा ओढून एवढे काम या मुदतीत होणार नाही, हे या योजनाही मान्य करतात. म्हणून या विटेएवढ्या डब्याकडे खेळणे म्हणून पाहता येत नाही.

कुलपाची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळे अर्थकारण तिच्यावर उभे आहे. प्रत्येक डब्यात कारखान्यातच एक गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक संख्या, भरलेली असते आणि तीच संख्या कंपनीच्या सर्व्हरवर त्या डब्याच्या क्रमांकासमोर नोंदलेली असते. ग्राहकाने फोनवरून पैसे भरले की ती किल्ली आणि आजवर दिलेल्या कोडांची मोजणी यांवरून सर्व्हर नवा कोड काढतो आणि तो संदेशाने पाठवतो. डबाही आपल्याकडच्या किल्लीवरून तेच गणित करून पाहतो आणि उत्तर जुळले तर उघडतो. त्यासाठी डब्याला इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, घराजवळ मोबाइलचा टॉवर असण्याचीही गरज नाही. टेकडीवर चढून संदेश वाचला, अंक कागदावर टिपून घेतले आणि घरी येऊन दाबले तरी काम भागते. एकदा वापरलेला कोड पुन्हा चालत नाही आणि शेजाऱ्याचा कोड आपल्या डब्याला लागत नाही. दुसऱ्या प्रकारच्या संचांत डब्यातच सिमकार्ड असते. तिथे कोड दाबण्याची यातायात नसते, कंपनी दुरूनच डबा चालू किंवा बंद करते आणि बॅटरी किती भरली, दिवे किती तास जळले हेही तिला कळते. मात्र त्यामुळे संचाची किंमत वाढते आणि मोबाइलच्या जाळ्याबाहेरच्या वस्तीत ही सोय कुचकामी ठरते. दोन्हींत निवड करायची तर मी कीपॅडच्या बाजूने आहे, कारण ज्या घरांना या वस्तूची खरी गरज आहे ती घरे बहुधा त्या जाळ्याच्या काठावर किंवा काठापलीकडेच असतात.

या युक्तीची मुळे विजेच्या क्षेत्रात नाहीत. केनियात सफारीकॉम कंपनीने मार्च २००७ मध्ये एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू केली, आणि तिच्या जडणघडणीच्या काळात ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास विभागाच्या एका निधीने सुमारे १० लाख पौंडांचे अनुदान दिले होते. मूळ हेतू सूक्ष्मकर्जाचे हप्ते फोनवरून फेडता यावेत हा होता. लोकांनी ती सेवा एकमेकांना पैसे पाठवायला वापरली आणि पाहता पाहता ती देशभर पसरली. त्या कामातले एक प्रमुख, निक ह्यूज, यांनीच पुढे दोन सहकाऱ्यांसह एम-कोपा ही कंपनी काढली. स्वाहिलीत ‘कोपा’ म्हणजे उसने घेणे. २०१२ मध्ये या कंपनीचे सौरसंच केनियाच्या बाजारात आले. काही हजार शिलिंग अनामत आणि त्यानंतर वर्षभर रोज ४०-५० शिलिंग, अशी ती रचना होती. एवढ्या लहान हप्त्यासाठी रोज माणूस दारात पाठवला तर त्याच्या फेरीचा खर्च हप्त्याहून जास्त होईल, आणि नेमका हाच खर्च फोन आणि कुलूप यांनी मिळून जवळजवळ शून्यावर आणला. सार्वजनिक पैशातून नवकल्पनांना मदत करणाऱ्यांनी या क्रमाकडे नीट पाहावे असे मला वाटते. वीज पोहोचवण्यासाठी ज्या अनुदानाचा सर्वांत मोठा उपयोग झाला, त्याच्या अर्जात विजेचा विचारच नव्हता.

कुलपाविना काय होते, याचा पडताळा बांगलादेशात मिळतो. तिथल्या इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने २००३ पासून राबवलेल्या कार्यक्रमात ४१ लाखांहून अधिक घरगुती सौरसंच बसले आणि सुमारे दोन कोटी लोकांच्या घरी दिवे लागले. ग्रामीण शक्तीसारख्या भागीदार संस्थांचे कार्यकर्ते घरोघर जाऊन हप्ते गोळा करत आणि त्याच फेरीत बॅटरीही तपासत. कोणतीही डिजिटल करामत नसताना हे यश मिळाले, ही गोष्ट नव्या तंत्राच्या उत्साहात सोयीस्करपणे विसरली जाते. पुढे विजेच्या तारा अपेक्षेहून लवकर गावात आल्या, दुसऱ्या सरकारी योजनेतून काही संच फुकटही वाटले गेले, आणि मग ‘शेजाऱ्याला फुकट मिळाला तो मी विकत का घेऊ’ या साध्या हिशेबापुढे वसुली ढासळली. तेव्हा कुलूप असते तर थकबाकी कमी झाली असती का? काही प्रमाणात झाली असती. पण तारेची वीज दारात आलेल्या माणसाचा दिवा बंद करण्याची धमकी पोकळच असते. कुलूप तिथेच चालते जिथे ग्राहकापुढे दुसरा पर्याय नसतो, आणि ही गोष्ट गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात सहसा आढळत नाही.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळतो. उजेडाबाबत तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. चिमणी किंवा कंदील यांच्या तुलनेत एलईडीचा प्रकाश स्थिर असतो, त्याला वास नसतो, धूर नसतो आणि मूल पुस्तकावर ओणवे झाले तरी केस जळण्याची भीती नसते. व्हेरासोल या गुणवत्ता-चाचणीत उतरलेले संच सांगितलेले तास खरोखर पाळतात आणि त्यांना ठरावीक मुदतीची हमीही असते. चाचणीविना विकल्या जाणाऱ्या स्वस्त दिव्यांशी त्यांची बरोबरी होत नाही. परंतु ‘वीज पोहोचली’ या शब्दांचा अर्थ इथे जपून घ्यावा लागतो. जागतिक बँकेच्या अखत्यारीतील ऊर्जा कार्यक्रमाने २०१५ मध्ये विजेच्या उपलब्धतेचे पाच स्तर ठरवले. पहिल्या स्तरासाठी दिवसाला १२ वॅट-तास आणि किमान चार तास पुरवठा पुरेसा धरला आहे, तर तिसऱ्या स्तराला दिवसाला एक किलोवॅट-तास लागतो. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पायरीत ऐंशी पटींहून अधिक अंतर आहे. इथे ज्या संचाचे परीक्षण चालले आहे तो पहिल्या पायरीचा, फार तर दुसऱ्याच्या वाटेवरचा. त्यावर शिवणयंत्राची मोटर चालणार नाही, शीतकपाट चालणार नाही, इस्त्रीचा तर विचारच नको. उजेड, फोन आणि रेडिओ एवढ्यासाठी घेणाऱ्याची फसगत होत नाही. ‘घरात वीज आली’ असे समजून घेणाऱ्याची काही महिन्यांत होते.

कीपॅडचा अनुभव मिश्र आहे. मी हाताळलेल्या एका संचात, ज्याच्या उत्पादकाचे नाव इथे घेत नाही, आठवड्याचे पैसे भरून आलेला कोड दाबताना शेवटचे दोन अंक उलटे पडले. दुसऱ्यांदाही चुकले तेव्हा डब्याने लाल दिवा दाखवून काही वेळ कोणताही कोड घेणे बंद केले. कुणी अंदाजाने कोड शोधू नये म्हणून ही व्यवस्था असते आणि ती योग्यच आहे, पण अंधारात बसलेल्या माणसाला हे समजावून सांगणारे एक वाक्यही डब्यावर किंवा माहितीपत्रकात नव्हते. मदतकेंद्राचा फोन लागला, बोलणारी व्यक्ती सौजन्याने बोलली, आणि कोड बरोबर आहे, पुन्हा दाबून पाहा, एवढे सांगायला तिला बराच वेळ लागला. त्या काळात दिवा बंदच होता, पण हप्त्याच्या मुदतीत ते तास धरले गेले की नाही, हे मला शेवटपर्यंत कळू शकले नाही. गोष्ट लहान आहे. तरी जो संच अंकओळख नसलेल्यांच्या हातीही जाणार, त्याच्या आखणीत अशा लहान गोष्टींना मोठी जागा असायला हवी होती.

संच बंद का पडला, हे ग्राहकाला कळते का, हा त्याहून गंभीर प्रश्न आहे. हप्ता थकला म्हणून दिवा गेला की बॅटरी खराब झाली म्हणून, यातला फरक अनेक डब्यांवर स्पष्ट दिसत नाही. बॅटरी खराब असेल तर ग्राहक हप्ता थांबवतो, कारण बंद दिव्याचे पैसे कोण भरणार? कंपनीच्या यादीत मात्र तो ‘थकबाकीदार’ म्हणून चढतो. दुरुस्तीतील दिरंगाई अशा रीतीने ग्राहकाच्या बेशिस्तीच्या खात्यात जमा होते आणि पुढच्या कर्जाला आडवी येते. कंपन्यांची संघटना असलेल्या गोगलाने ग्राहक-संरक्षणाची संहिता केली आहे आणि तिच्यात पारदर्शक किंमत, तक्रारनिवारण, माहितीची गोपनीयता हे सगळे आहे. ती ऐच्छिक आहे, एवढीच तिची अडचण.

किमतीबद्दल बोलताना ही वस्तू खरेदी आहे की कर्ज, हे आधी ठरवले पाहिजे. रोजचा हप्ता रॉकेलच्या रोजच्या खर्चाशेजारी ठेवून दाखवला जातो आणि तो जवळपास तेवढाच किंवा थोडा कमी असतो, हे खरेच आहे. पण सगळे हप्ते आणि अनामत यांची बेरीज केली की ती रोखीच्या किमतीहून बरीच वर जाते, आणि त्या फरकात व्याज आहे, बुडीत खात्यांची भरपाई आहे, विक्रेत्याचे कमिशन आहे आणि परकी चलनातल्या कर्जाची जोखीमही आहे. बिगारीवर जगणाऱ्या माणसाला एकरकमी पैसे काढणे शक्य नसते, म्हणून तो हा फरक भरतो. मला तो अन्याय्य वाटत नाही. तो सांगितला जात नाही, हे अन्याय्य वाटते. खोक्यावर रोजचा हप्ता ठळक अक्षरांत असेल तर एकूण रक्कमही तेवढ्याच ठळक अक्षरांत असावी.

इथून मागच्या पैशाकडे येतो. या व्यवसायातले घोडे पेंड खाते ते एका साध्या ठिकाणी: कंपनी संचाचे पैसे कारखान्याला आज देते आणि ग्राहकाकडून ते वर्ष-दोन वर्षांनी परत मिळवते. जितकी विक्री जास्त तितकी तिजोरी रिकामी. सुरुवातीची कल्पना तपासायला अनुदान पुरते, आणि जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने ब्रिटिश सरकारच्या मदतीने २०१३ पासून चालवलेला नवकल्पना-निधी किंवा शेल फाउंडेशनचे साहाय्य यांनी ते काम चांगले केले. कंपनी वाढवायला भागभांडवल मिळाले, तेही उत्साहाने, पण ते मोजक्याच मोठ्या कंपन्यांकडे एकवटले. रोजच्या व्यवहाराला हवे असते ते खेळते भांडवल, आणि ते बराच काळ डॉलर किंवा युरोत आले. ग्राहक हप्ता देतो स्थानिक चलनात. बर्लिनमध्ये जन्मलेली मोबिसोल कंपनी पूर्व आफ्रिकेत मोठे आणि दर्जेदार संच विकत होती, तरी २०१९ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि फ्रान्सच्या एंजी समूहाने तिला विकत घेतले. नायजेरियाने जून २०२३ मध्ये नायराचा विनिमयदर मोकळा केला तेव्हा त्याची किंमत झपाट्याने घसरली. मलावीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या क्वाचाचे मोठे अवमूल्यन केले. अशा दिवशी डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या कंपनीचे देणे रात्रीतून वाढते आणि तिचे येणे मात्र आहे तेवढेच राहते. ग्राहकाने एकही हप्ता चुकवलेला नसतो, कुलूप चोख काम करत असते, आणि कंपनी बुडते.

म्हणूनच गेल्या काही वर्षांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा बदल हा डब्यातला नसून कागदावरचा आहे. हप्त्यांच्या येणे रकमा एकत्र बांधून त्यांच्या तारणावर पैसा उभारण्याची पद्धत या क्षेत्रात आली. सन किंग या कंपनीने २०२३ मध्ये केनियात सिटी बँकेच्या पुढाकाराने सुमारे १३ कोटी डॉलर इतक्या मोलाचा असा व्यवहार केला आणि तो केनियाच्या शिलिंगमध्ये केला. हजारो घरांतून रोज येणारी चिल्लर बँकेला तारण म्हणून पटावी, हे कीपॅडमागच्या नोंदीमुळेच शक्य झाले: कोणत्या खात्यात किती दिवस पैसे आले, किती दिवस दिवा बंद होता, किती रक्कम धोक्यात आहे, याचा खात्यागणिक हिशेब दाखवता आला. डिजिटल नवकल्पनेने वीज कशी वाढते याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, आणि ते पाहिल्यावर या वस्तूबद्दलचे माझे मतही पक्के झाले. इथे विकले जाते ते कर्ज आहे आणि दिवा त्याचे तारण आहे. एम-कोपा आज त्याच पद्धतीने मोठ्या प्रमाणावर स्मार्टफोन विकते, यात नवल नाही. कुलपाला दिवा काय आणि फोन काय, दोन्ही सारखेच.

निकाल दाखवा आणि पैसे घ्या, या तत्त्वावरचे अनुदान हा दुसरा मोठा प्रकार आहे. नायजेरियाच्या विद्युतीकरण प्रकल्पाला जागतिक बँकेने २०१८ मध्ये ३५ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातील मिनी-ग्रिडच्या, म्हणजे एखाद्या गावापुरत्या स्वतंत्र छोट्या वीजजाळ्याच्या, घटकात कंपनीला सुरुवातीला दर जोडणीमागे ३५० डॉलर मिळत, तेही जोडणी झाल्यावर ९० दिवस समाधानकारक सेवा दिल्याचे पडताळल्यानंतर. अर्ज, आराखडे आणि मीटरमधली आकडेवारी ओडिसी नावाच्या ऑनलाइन मंचावर येत असे, त्यामुळे प्रत्येक गावी पथक पाठवून मोजदाद करण्याचा खर्च आणि त्यासोबत येणारी ओळखीपाळखीची मेहेरबानी, दोन्ही कमी झाली. झांबियात स्वीडनच्या मदतीने २०१६ मध्ये सुरू झालेल्या निधीने याच हेतूने एडिसन ही स्वतंत्र माहितीप्रणाली उभी केली आणि कंपन्यांच्या नोंदी तिच्यात थेट मागवल्या. टोगोच्या सिझो कार्यक्रमात सरकार हप्त्याचा काही भाग ग्राहकाच्या फोनमधल्या खात्यामार्फत भरते, म्हणजे अनुदान कंपनीच्या दारात न थांबता घरापर्यंत पोहोचते. तिन्हींत मला टोगोची रचना सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण हप्ता भरून दिवा चालू ठेवणाऱ्या घरालाच ती मदत करते. दिवा बंद पडून ग्राहकाने भरणे थांबवले की सरकारचेही पैसे थांबतात आणि कंपनीला दुरुस्तीची घाई होते.

नायजेरियाच्या ९० दिवसांबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. तीन महिन्यांत बॅटरी खराब होत नाही. लिथियमची बरी बॅटरी काही वर्षे टिकते आणि खरी परीक्षा त्यानंतर असते. एक्क्याण्णवाव्या दिवसापासून जोडणी चालते की नाही यात कंपनीचे वीजविक्रीचे उत्पन्न गुंतलेले असते हे मान्य, पण अनुदान देणाऱ्याचे काहीही गुंतलेले नसते.

डिजिटल वस्तूला देखभाल लागते आणि देखभालीला निधी मिळत नाही, याचा धडा प्रीपेड मीटरांनी दिला आहे. वीस अंकी कोड टाकून चालणारे हे मीटर दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या एका मानकावर चालतात आणि ते मानक आज जगभरातील कोट्यवधी घरांत आहे. त्यात प्रत्येक कोडावर काळाचा शिक्का असतो, आणि तो १९९३ च्या आरंभापासून मिनिटांच्या मोजणीने, चोवीस बिटांच्या जागेत लिहिला जातो. ती जागा २४ नोव्हेंबर २०२४ रोजी भरली. त्याआधी दोन खास कोड टाकून ज्या मीटरची किल्ली बदलली नाही त्याने त्यानंतरचे नवे कोड स्वीकारणे बंद केले. बत्तीस वर्षे आधीपासून ठाऊक असलेली ही तारीख होती. तरीही शेवटच्या महिन्यांत घरोघर जाऊन, जाहिराती देऊन, लोकांना ते दोन कोड समजावण्याची धावपळ अनेक वीजकंपन्यांना करावी लागली. नव्या कल्पनेला पैसा देण्यात मान असतो, उद्घाटन असते; तिसाव्या वर्षी किल्ली बदलायला पैसा देण्यात यांतले काहीच नसते.

मिनी-ग्रिडच्या स्मार्ट मीटरांना मी चांगले गुण देतो आणि थोडक्यात पुढे जातो. स्पार्कमीटर ही त्यातली जाणती कंपनी हैतीतील ले आंग्ले या गावच्या छोट्या ग्रिडच्या गरजेतून निघाली, आणि गरजेतून निघालेल्या वस्तूंत असतो तो आटोपशीरपणा तिच्या मीटरांत दिसतो. उपग्रहचित्रांवरून वस्त्या शोधून तार, मिनी-ग्रिड की सौरसंच हे सुचवणारे नकाशेही आता उपयोगाचे झाले आहेत. गूगलने २०२१ पासून आफ्रिकेतील इमारतींची खुली माहिती दिल्यापासून त्यांची अचूकता वाढली आहे. नकाशा पाहून खांब कुठे रोवायचा हे कळते, एवढे त्याचे काम आणि ते तो करतो.

या सगळ्या पसाऱ्यात खर्चाच्या मानाने सर्वाधिक उपयुक्त वस्तू कोणती, असे मला विचारले तर मी अक्राकडे बोट दाखवीन. घानाच्या या राजधानीत एनलाइन या गटाने घरांच्या आणि दुकानांच्या सॉकेटमध्ये लावायचे लहानसे यंत्र वापरून वीज कधी गेली, कधी आली आणि दाब किती होता, हे मोबाइलच्या जाळ्यावरून नोंदवले. यंत्र काहीही चालू करत नाही, बंद करत नाही, हप्ता वसूल करत नाही. ते फक्त पाहते. जोडणी आहे पण वीज नाही, अशा घरांची मोजदाद आजवर वीजकंपनीच्या स्वतःच्या अहवालावर अवलंबून होती, आणि स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासणाऱ्याला गुण कमी पडल्याचे ऐकिवात नाही. अशी स्वतंत्र नोंद सौरसंचांच्या बाबतीतही व्हावी, ही माझी पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी किल्लीबाबत. कंपनी बंद पडली आणि सर्व्हर थांबला तर अर्धे हप्ते भरलेल्या डब्याला कोड कोण देणार? मोबिसोलच्या ग्राहकांना खरीदार मिळाला. प्रत्येक कंपनीच्या ग्राहकांना मिळेलच असे नाही. सोलारिस ऑफग्रिड या कंपनीने आपली कोडपद्धती ‘ओपनपेगो टोकन’ या नावाने खुली केली आणि एनअॅक्सेस या संस्थेने ती पुढे चालवली, म्हणजे निदान कोड बनवण्याचे गणित कुणा एकाच्या मालकीचे राहिले नाही. परंतु प्रत्येक डब्याची गुप्त संख्या अजूनही कंपनीकडेच असते. सार्वजनिक पैशातून अनुदान घेणाऱ्या कंपनीने त्या संख्यांची मोहोरबंद प्रत त्रयस्थाकडे ठेवावी आणि कंपनी बुडाल्यास ती खुली व्हावी, अशी अट करारात घालणे अवघड नाही आणि महाग तर मुळीच नाही. अनुदानाचे झरे अचानक आटतात, हे २०२५ मध्ये अमेरिकेने परकी मदत आखडती घेतली आणि २०१३ पासूनचा ‘पॉवर आफ्रिका’ उपक्रम गुंडाळला गेला तेव्हा सर्वांनी पाहिले आहे.

गुणांकन करायचे तर कुलपाला पैकीच्या पैकी, उजेडाला दहापैकी आठ, विक्रीनंतरच्या सेवेला चार आणि किमतीच्या पारदर्शकतेला तीन. तार येण्याची पुढील तीन-चार वर्षांत शक्यता नसलेल्या घराने, गुणवत्ता-चाचणीची खूण पाहून आणि एकूण रक्कम विचारून, हा संच जरूर घ्यावा. मदत देणाऱ्या संस्थांना मात्र माझी शिफारस सशर्त आहे.

ती अट शेवटच्या कोडाशी जोडलेली आहे. सगळे हप्ते फिटल्यावर कंपनी एक अखेरचा कोड पाठवते आणि तो दाबला की डबा कायमचा मोकळा होतो. मी तो दाबला तेव्हा हिरवा दिवा तीनदा लुकलुकला आणि कीपॅडचे काम संपले. घर मालक झाले, आणि त्याच क्षणी ते कंपनीच्या रोजच्या नोंदीतून बाहेर पडले, कारण हप्ता नाही तिथे कोड नाही आणि कोड नाही तिथे खबर नाही. त्या डब्याखाली त्यानंतर कुणी अभ्यास केला की तो पुढच्याच पावसाळ्यात बंद पडून माळ्यावर गेला, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही. जोडण्यांच्या बेरजेत मात्र ते घर वर्षानुवर्षे राहते. दर जोडणीच्या अनुदानातला पाचवा हिस्सा राखून ठेवावा, अखेरच्या कोडानंतर दोन वर्षांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही घरांत त्रयस्थाने संध्याकाळी जावे, आणि दिवा लागलेला दिसेल त्या प्रमाणात तो हिस्सा कंपनीला द्यावा.